सी-१, सी-२ ची फ्रॅक्चर: रिपोर्टातला 'टाइप' नेमकं काय सांगतो?

क्षकिरण (धागाकर्ता)

मी रेडिओलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी बसतो. मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांच्या (सी-१ आणि सी-२) फ्रॅक्चरचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात: "डॉक्टर, टाइप टू लिहिलंय, म्हणजे दुसऱ्या स्टेजला गेलंय का? तिसऱ्याला अजून गेलं नाही ना?"

इथे टाइप म्हणजे पायरी नव्हे. हाड कुठे आणि कसं मोडलंय, एवढंच तो आकडा सांगतो. ओडोंटॉइडच्या (दुसऱ्या मणक्यातून वर उभ्या हाडाच्या) फ्रॅक्चरमध्ये तर टाइप ३ हे टाइप २ पेक्षा बहुतेक वेळा बरं, कारण ते चांगलं जुळतं. या गैरसमजापायी लोक भलतेच निर्णय घेतात. टाइप १ ऐकून कॉलर काढून ठेवतात आणि टाइप ३ ऐकून हातपाय गाळतात. म्हणून हा धागा.

आधी रचना समजून घेऊ. पहिला मणका म्हणजे ॲटलास. बाकीच्या मणक्यांना पुढून हाडाचा भरीव ठोकळा असतो, तो याला नाही. हे नुसतं कडं आहे: पुढची कमान, मागची कमान आणि दोन बाजूंना जाड भाग, ज्यांवर कवटी टेकते. दुसरा मणका ॲक्सिस. त्याच्या अंगातून एक हाड सरळ वर उभं राहतं, तोच ओडोंटॉइड किंवा डेन्स. जात्याच्या खालच्या तळीतल्या खिळीभोवती वरची तळी फिरते, तसा ॲटलास कवटीला घेऊन या डेन्सभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ निम्मा भाग या एकाच सांध्यात होतो. डेन्स मागे सरकून मज्जारज्जूवर येऊ नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक आडवा अस्थिबंध ताणून बांधलेला असतो, ट्रान्सव्हर्स लिगामेंट. हे नाव लक्षात ठेवा. हाड मोडूनही तो शाबूत असला तर बरंच निभावतं.

ओडोंटॉइडच्या फ्रॅक्चरचं आज सर्वत्र वापरलं जाणारं वर्गीकरण अँडरसन आणि डी'अलॉन्झो यांनी १९७४ मध्ये मांडलं. टाइप १ मध्ये नुसतं टोक तुटतं. टाइप २ मध्ये डेन्स बुडाशी, म्हणजे खालच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे मोडतो. टाइप ३ मध्ये रेघ आणखी खाली उतरून ॲक्सिसच्या मुख्य हाडात शिरते. खालच्या हाडात जाळीदार भाग भरपूर, मोडलेल्या पृष्ठभागांचा एकमेकांना स्पर्शही मोठा, त्यामुळे टाइप ३ बहुधा कॉलरमध्ये जुळून येतं. टाइप २ च्या जागी हाड अरुंद आणि आतून विरळ असतं. शिवाय वरचा तुटका तुकडा अस्थिबंधांनी कवटीला बांधलेला असतो, म्हणजे डोकं हललं की तोही हलणार. हलत्या तुकड्याला हाड धरणार कसं?

टाइप १ विरळा. पण तो दिसला की मी कवटी आणि ॲटलास यांच्यामधला सांधा दहादा पाहतो. टोक ओढून तुटलंय म्हणजे वरचे अस्थिबंधही ओढले गेले असण्याची शक्यता असते, आणि तो सांधा निखळला असेल तर त्या 'टाइप १' इतकं जीवघेणं दुसरं काही नाही.

प्रश्न विचारा. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी तर जरूर लिहा.

मंदार_क

धागा अगदी वेळेवर आला. बाबा ७६ वर्षांचे. रात्री बाथरूममध्ये घसरले, कपाळ नळाच्या कठड्यावर आपटलं. कपाळाला टाके पडले. त्या रुग्णालयात मानेचा एक एक्स-रे काढला आणि "मुका मार आहे" म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. नंतर मान इतकी दुखायला लागली की अंथरुणातून उठताना बाबा दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून उठायचे. आईला वाटलं, चक्कर येते म्हणून धरतात. शेवटी दुसरीकडे सीटी केलं: टाइप २ ओडोंटॉइड, तुकडा २ मि.मी. मागे सरकलेला. हातापायांत ताकद व्यवस्थित आहे. एक सर्जन म्हणतात कॉलर घाला, दुसरे म्हणतात ऑपरेशन करा. दोघेही अनुभवी. आम्ही काय समजायचं?

क्षकिरण

मंदार, डोकं हातांनी धरून उठणं हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. सीटीच्या टेबलावर आडवं होताना माणूस आपलं डोकं हातांत धरून खाली ठेवतो आहे असं दिसलं, की मी तंत्रज्ञाला तिथेच थांबवतो आणि कॉलर लावल्याशिवाय हलवू देत नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो: पडल्यानंतर म्हातारं माणूस असं करत असेल तर मानेचा सीटी झालाच पाहिजे. साध्या एक्स-रेवर ही जागा दात, जबडा आणि कवटीच्या सावल्यांत लपते. तोंड उघडून काढलेला एक्स-रे मदत करतो, पण दुखत असताना म्हातारी माणसं तोंड पुरेसं उघडू शकत नाहीत. अपघातानंतर कोणाच्या मानेची तपासणी करायची हे ठरवणारा जो कॅनडातला नियम २००१ मध्ये आला, त्यात ६५ किंवा त्याहून अधिक वय एवढं एक कारणसुद्धा पुरेसं धरलं आहे.

आता दोन सर्जन, दोन मतं. 'टाइप २' एवढ्या शब्दांत हा निर्णय बसत नाही. म्हणून ग्राउअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टाइप २ चे आणखी तीन भाग केले, मोडलेल्या रेघेच्या दिशेवरून. २ए म्हणजे आडवी रेघ, तुकडा जवळजवळ जागेवरच. २बी म्हणजे रेघ पुढे वर आणि मागे खाली अशी तिरकी, किंवा आडवी असूनही तुकडा सरकलेला. २सी म्हणजे उलट तिरकी, पुढे खाली आणि मागे वर, किंवा बुडाशी चुरा झालेला.

दिशेला एवढं महत्त्व का? समोरून स्क्रू घालायचा असेल तर तो ॲक्सिसच्या पुढच्या खालच्या कडेतून वर आणि किंचित मागे जातो. २बी मध्ये तो रेघेला काटकोनात छेदतो आणि दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. २सी मध्ये स्क्रू आणि रेघ जवळपास एकाच दिशेला, मग आवळायला गेलं की तुकडा घसरतो. तिथे मागूनच फिक्सेशन, म्हणजे मणके स्क्रूंनी जखडणं, करावं लागतं. तुमच्या सीडीतला बाजूने घेतलेला मधला काप उघडा आणि रेघ कशी जाते ते सर्जनना दाखवायला सांगा.

डॉ_आनंदी

मी स्पाइन सर्जन आहे. क्षकिरण यांनी चित्रातलं सांगितलं, मी माणसाचं सांगते.

टाइप २ न जुळण्याची भीती कशाने वाढते? पन्नाशीपुढचं वय, तुकडा ५ मि.मी. पेक्षा जास्त सरकणं, तो मागच्या बाजूला सरकणं, १० अंशांपेक्षा जास्त कलणं, उपचाराला उशीर. बाबांच्या बाबतीत वय, मागे सरकणं आणि उशीर या तीन गोष्टी आहेत, पण सरकणं थोडं आहे. म्हणून दोन मतं पडली. त्यांतलं कुठलंच निष्काळजीपणाचं नाही.

घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. या वयात हाड पक्कं जुळणं हेच एकमेव यश नव्हे. कॉलरमध्ये काही आठवडे गेल्यावर कित्येक म्हाताऱ्यांमध्ये मोडलेल्या जागी हाडाऐवजी चिवट तंतुमय ऊती भरते. सीटीवर रेघ दिसत राहते, पण मान हलवून काढलेल्या एक्स-रेत तुकडा हलत नाही, दुखत नाही, हातपाय चांगले चालतात. अशा माणसाला मी ऑपरेशन टेबलावर घेत नाही. उलट तुकडा हलत असेल तर मज्जारज्जूवर रोज थोडा थोडा मार बसतो, आणि कधी कधी बऱ्याच काळाने हातातून वस्तू निसटणं, चाल अडखळणं सुरू होतं. तिथे थांबण्यात अर्थ नाही.

मंदार, दोन्ही डॉक्टरांना हे विचारा: बाबांचं हृदय, फुप्फुसं भूल सोसतील का? हाडांची झीज किती आहे? कॉलर लावून परत एक्स-रे कधी काढायचा आणि त्यात काय दिसलं तर बेत बदलायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट मिळालं तर कॉलरचा मार्ग धोक्याचा नाही.

बांधावरून

आमच्याकडे मे महिन्यात पोरं विहिरीत आणि बंधाऱ्यात सूर मारतात. पाणी उतरलेलं असतं, वरून कळत नाही. मागे गावातल्या एका पोराचं डोकं खालच्या खडकावर आपटलं. पहिल्या मणक्याचे चार तुकडे झाले असं डॉक्टर म्हणाले. आम्ही धसका घेतला की आता हा खाटेवर. पण तो चालत होता, हात हलवत होता! तीन महिने कॉलर की काय ते घालून आज ट्रॅक्टर चालवतो. हे कसं काय?

क्षकिरण

हे जेफरसन फ्रॅक्चर. जेफ्री जेफरसन या ब्रिटिश मेंदूशल्यविशारदांनी १९२० मध्ये आपले चार रुग्ण आणि तोवर नोंदलेली उदाहरणं एकत्र मांडून याची यंत्रणा उलगडली. डोक्यावर सरळ वरून दाब आला की कवटीचे दोन उंचवटे ॲटलासच्या बाजूच्या जाड भागांवर दाबले जातात. ते भाग पाचरीसारखे तिरके असल्यामुळे बाहेर फेकले जातात, आणि कडं जिथे बारीक आहे तिथे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या कमानीत फुटतं. सूर मारणं हे त्याचं ठरलेलं कारण.

मुलगा का वाचला? कडं बाहेरच्या दिशेला फुटतं, म्हणजे आतली जागा कमी न होता वाढते. मुळात तिथे जागाही ऐसपैस आहे. स्टील यांनी १९६८ मध्ये सांगितलेला साधा हिशेब आहे: ॲटलासच्या पोकळीचा एक तृतीयांश भाग डेन्सचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि एक तृतीयांश मोकळा. मानेत खाली गेलं की ही चैन राहत नाही.

पण सूर मारणारा प्रत्येक जण एवढा नशीबवान नसतो. उथळ पाण्यात मान पुढे वाकलेली असताना आपटलं तर मानेचा पाचवा-सहावा मणका फुटतो, आणि तिथे फुटका तुकडा थेट मज्जारज्जूत घुसतो. हातपाय गेलेली पोरं बहुतेक त्या फ्रॅक्चरची. तेव्हा बांधावरून, गावात हे जरूर सांगा: पाण्याची खोली उतरून पाहिल्याशिवाय सूर मारायचा नाही, आदल्या वर्षी मारला होता म्हणून यंदाही नाही.

ॲटलासमध्ये पुढचा प्रश्न ट्रान्सव्हर्स लिगामेंटचा. बाजूचे दोन्ही भाग खालच्या मणक्याच्या कडेबाहेर मिळून ६.९ मि.मी. पेक्षा जास्त सरकले असतील तर अस्थिबंध तुटला असं धरा, हा स्पेन्स यांचा १९७० चा नियम. एक्स-रेत प्रतिमा मोठी उमटते म्हणून पुढे ८.१ मि.मी. हा आकडाही सुचवला गेला. मी या आकड्यांवर विसंबत नाही. सरकणं कमी असूनही अस्थिबंध तुटलेला एमआरआयमध्ये सापडतो. तोही कुठे तुटला ते पाहायचं. डिकमन यांनी १९९६ मध्ये हाच फरक मांडला: अस्थिबंध मधेच फाटला असेल तर तो आपोआप सांधत नाही, बहुधा ऑपरेशन लागतं. पण तो हाडाचा कपचा घेऊन निघाला असेल, तर हाड हाडाला जुळतं आणि नुसत्या बाहेरच्या आधारावरही बऱ्याच जणांचं भागतं.

प्रकाश७१

माझ्या भावाच्या रिपोर्टात 'हँगमन्स फ्रॅक्चर' लिहिलं होतं. कारने जाताना डंपरला मागून धडक, सीटबेल्ट नव्हता, हनुवटी आणि कपाळ डॅशबोर्डवर. वहिनीने तो शब्द गूगल केला आणि तिथेच रडायला लागली. फाशीच्या मणक्याचं नाव जिवंत माणसाला का देतात?

डॉ_आनंदी

प्रकाशदादा, वहिनींची घालमेल समजते. हे नाव वाचून घाबरलेले किती नातेवाईक मी पाहिलेत! म्हणून रिपोर्टात 'ॲक्सिसच्या दोन्ही पार्सचं (मागच्या दोन दुव्यांचं) फ्रॅक्चर' असं लिहिलं तर बरं, असं मला मनापासून वाटतं.

नावामागची हकिगत अशी. फ्रेडरिक वुड जोन्स या शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये फाशी दिलेल्या कैद्यांचे मणके तपासले. ते रंगूनच्या तुरुंगातून आलेले होते. हनुवटीखाली गाठ असेल तर मान मागे झटकली जाऊन दुसऱ्या मणक्याचे मागचे दोन्ही दुवे तुटतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९६५ मध्ये श्नायडर आणि सहकाऱ्यांना मोटार अपघातातल्या जखमींमध्ये तसंच हाड मोडलेलं दिसलं आणि त्यांनी हे नाव रूढ केलं. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फाशीत मान मागे जाते आणि त्याच वेळी जोरात ताणली जाते, त्यात मज्जारज्जू तुटतो. अपघातात मान मागे जाते पण वरून दाबलेली असते. हाड मोडतं, पुढचा भाग पुढे आणि मागची कमान मागेच राहते, आणि मधली जागा रुंदावते. म्हणून रुग्णालयात पोहोचणारे बहुतेक जण हातपाय हलवत येतात.

यात वर्गीकरण चुकलं तर नुकसान कसं होतं, हे मला विशेष सांगायचंय. एफेंडी यांनी १९८१ मध्ये तीन प्रकार केले, लेव्हाइन आणि एडवर्ड्स यांनी १९८५ मध्ये ते सुधारले. टाइप १: सरकणं ३ मि.मी. पेक्षा कमी, कलणं नाही, कॉलर पुरते. टाइप २: सरकलंय आणि कललंही आहे. इथे डोक्याला वजन लावून हाड जागेवर आणता येतं, मग हॅलो (कवटीला पिनांनी बसवून छातीच्या जाकिटाला जोडलेलं कडं) लावायचा. टाइप ३: दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधले सांधेही निखळलेले, तिथे ऑपरेशन.

आणि मधे टाइप २ए. सरकणं अगदी थोडं, पण कलणं खूप. हे मान पुढे वाकून ताणली गेल्याने होतं, मधल्या चकतीच्या मागची बाजू फाटलेली असते. दिसायला टाइप २ चाच भाऊ. त्याला टाइप २ समजून वजन लावलं की मणके एकमेकांपासून लांब जातात आणि आत्तापर्यंत धड असलेला मज्जारज्जू ताणला जातो. इथे वजन लावायचं नाही, उलट मान किंचित मागे घेऊन हलका दाब देत हॅलो लावायचा. एका अक्षराने उपचार उलटा होतो, म्हणून रात्री दोन वाजताही मी रिपोर्टावर न थांबता फिल्म स्वतः पाहते.

सुबोध_निवासी

ऑर्थोचा निवासी डॉक्टर आहे. परीक्षेसाठी अँडरसन-डी'अलॉन्झो, ग्राउअर, लेव्हाइन, ॲटलाससाठी लँडेल्स आणि गेहवायलर, कवटीच्या बुडासाठी अँडरसन-मोंटेसानो, निखळण्यासाठी ट्रेनेलिस, फिरून अडकलेल्या सांध्यासाठी फील्डिंग-हॉकिन्स... घोकून घोकून जीव जातो. एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं २०१८ चं नवं वर्गीकरण सगळ्याला एकच आहे, मग जुनी का ठेवायची?

डॉ_आनंदी

सुबोध, एओ वर्गीकरणाचा विचार मला आवडतो. तीन पातळ्या: कवटी आणि ॲटलासचा सांधा, ॲटलास आणि त्याखालचा सांधा, ॲक्सिस आणि त्याखालचा सांधा. प्रत्येक पातळीवर ए, बी, सी. ए म्हणजे नुसतं हाड मोडलं. बी म्हणजे अस्थिबंधाला इजा, पण मणके जागेवर. सी म्हणजे मणके एकमेकांवरून सरकले. त्यापुढे मज्जातंतूंची स्थिती, आणि चार पुरवण्या: न जुळण्याचा धोका, पुढे अस्थिर होण्याची शक्यता, रुग्णाची स्वतःची प्रकृती, रक्तवाहिनीला इजा. ही शेवटची विसरू नकोस. मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी या मणक्यांच्या भोकांतूनच वर जाते. फ्रॅक्चरची रेघ भोकात शिरली असेल तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) सांगायचाच.

इथे ए ते सी ही चढती पायरी आहे. जुन्या आकड्यांत ती दर वेळी नव्हती, क्षकिरण यांनी धाग्याच्या सुरुवातीला तेच सांगितलं. पण जुनी वर्गीकरणं टाकता येणार नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला होता. अँडरसन-डी'अलॉन्झोने विचारलं, जुळेल का? ग्राउअरने विचारलं, स्क्रू कुठून? लेव्हाइनने विचारलं, कुठल्या जोराने मोडलं, म्हणजे उलट कसं वळवायचं? घोकू नकोस, समोर रुग्ण धरून हे प्रश्न विचार. मग नावं आपोआप बसतात.

अवंती_लीड्स

सासूबाईंना इथे इंग्लंडात लीड्समध्ये टाइप २ झालं होतं, वय ८३. इथल्या डॉक्टरांनी हॅलोचं नावही काढलं नाही, थेट कडक कॉलर. मंदार, कॉलर हा 'काहीच न करणं' नाही, घरच्यांचं काम खूप असतं. हनुवटीखाली आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर कातडी लाल होते, रोज पाहावं लागतं. पॅड बदलताना एकाने डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरायचं, दुसऱ्याने काढून पुसून सुकवून लावायचं, तेही झोपलेल्या स्थितीत. मान खाली होत नाही म्हणून ताटातलं दिसत नाही. आम्ही ताटाखाली उलटं पातेलं ठेवायचो. गिळताना ठसका लागायचा, म्हणून भाकरी बंद, पेज, मऊ खिचडी, छोटे घास. पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे परत पडण्याची भीती सर्वांत मोठी. पायपुसणी आणि सतरंज्या सगळ्या उचलून ठेवल्या.

क्षकिरण

अवंतीताई, फार उपयोगी लिहिलंत. हॅलोबद्दल थोडं. कवटीला पिनांनी धातूचं कडं बसवायचं आणि ते छातीवरच्या जाकिटाला जोडायचं, ही पद्धत पेरी आणि निकेल यांनी १९५९ मध्ये पोलिओने मान लुळी पडलेल्यांसाठी आणली. तरुणांत ती अजूनही कामाची आहे. पण सत्तरीपुढे छाती आवळली जाते, खोकून कफ निघत नाही, गिळणं बिघडतं, न्यूमोनिया होतो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत हल्ली ती शक्यतो टाळतात.

स्वराची_आई

मुलगी चार वर्षांची. झोपाळ्यावरून पडली, एक्स-रे रिपोर्टात डेन्सच्या बुडाशी रेघ दिसते असं लिहिलंय. मान हलवते, रडत नाही. हा धागा वाचून झोप उडाली आहे.

क्षकिरण

ताई, लहान मुलांत डेन्स आणि खालचं हाड यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते, ती साधारण सहाव्या-सातव्या वर्षी हाडात मिसळते. तोवर तिथे रेघ दिसणारच. तिच्या कडा गुळगुळीत असतात आणि ती नेमक्या ठरलेल्या जागी असते. मात्र त्या वयात खरी इजाही याच कूर्चेतून होते, म्हणून एक्स-रे पाहिल्याशिवाय मी 'काही नाही' म्हणणार नाही. डेन्स पुढे कललाय का, मानेपुढची मऊ ऊती सुजली आहे का, हे मुलांच्या फिल्म रोज पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून आजच बघून घ्या, आणि तोवर तिला उड्या मारू देऊ नका. मान एका बाजूला वाकडी धरून ठेवत असेल तर थेट रुग्णालयात न्या.

परळकर

धाग्यात मुंबईचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. मी परळच्या केईएममध्ये बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरला होतो. पूर्वी पहिले दोन मणके मागून तारेने बांधायचे, कंबरेचं हाड मधे ठेवून. ती तार फिरण्याला नीट रोखायची नाही, म्हणून वर हॅलो किंवा प्लास्टर आलंच. केईएमचे डॉ. अतुल गोएल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये 'ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका'त वेगळी पद्धत प्रसिद्ध केली: ॲटलासच्या बाजूच्या जाड भागात एक स्क्रू, ॲक्सिसमध्ये एक, आणि दोन्ही पट्टीने जोडायचे. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडी आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून तीच कल्पना मांडली. आज जगभर तिला गोएल-हार्म्स पद्धत म्हणतात. परदेशातल्या परिषदेत हे नाव ऐकून आलेले आमचे निवासी डॉक्टर किती खूश व्हायचे! पालिकेच्या रुग्णालयातून हे गेलं, याचा मला आजही फार अभिमान आहे.

डॉ_आनंदी

परळकर काका, अगदी. मीही हीच पद्धत वापरते. मंदार, किंमत सांगून ठेवते: पहिला-दुसरा मणका जोडला की मान वळण्यातला जवळपास निम्मा भाग कायमचा जातो. समोरून एकच स्क्रू घातला तर ते वळणं वाचतं, पण ट्रान्सव्हर्स लिगामेंट धड हवा, रेघ अनुकूल हवी आणि हाड स्क्रू धरेल असं हवं. ७६ व्या वर्षी तिसरी अट सहसा अडते.

नेहा_पनवेल

घोड्यावरून पडून मान मोडलेला तो सुपरमॅनचा नट आठवतो. त्याचेही हेच मणके ना? मग 'बहुतेक जण हातपाय हलवत येतात' हे कसं?

क्षकिरण

हो, ख्रिस्तोफर रीव्ह, मे १९९५, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत. पहिले दोन मणके मोडले आणि मज्जारज्जूलाही इजा झाली. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. त्याच्या वर मज्जारज्जू निकामी झाला तर श्वासच थांबतो, बहुतेक जण जागीच जातात. त्यांना तिथल्या तिथे श्वास दिला गेला म्हणून ते पोहोचले, आणि पुढे कृत्रिम श्वासाच्या आधाराने २००४ पर्यंत जगले. आम्ही रुग्णालयात पाहतो ते मुळात वाचून आलेले असतात, म्हणून 'बहुतेक' हा शब्द त्यांच्यापुरता.

यावरूनच जागेवर काय करायचं ते सांगतो. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका, रिक्षात दुमडून घालू नका. १०८ ला फोन करा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरायचं, ओढायचं नाही. हेल्मेट असेल आणि श्वास चालू असेल तर ते काढू नका. उलटी आली तर एकाने डोकं धरून आणि तिघांनी खांदा, कंबर, पाय धरून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. विहिरीत असेल तर हाताला धरून वर खेचू नका, पाण्यातच उताणा तरंगत ठेवा आणि खालून फळी किंवा दार सरकवा. श्वास बंद असेल तर मात्र मानेचा विचार दुसरा, आधी श्वास.

मंदार_क

दोन्ही सर्जनना भेटलो. रेघ आडवी, चुरा नाही. बाबांचं हृदय आधीच कमजोर आहे. कॉलर ठरली. डॉ. आनंदींनी सांगितलेला तिसरा प्रश्न विचारला, तर सर्जनांनी कागदावर लिहून दिलं: दोन आठवड्यांनी एक्स-रे, तुकडा आणखी सरकला किंवा हाताला मुंग्या आल्या तर ऑपरेशन, नाहीतर बारा आठवड्यांनी सीटी आणि मान हलवून एक्स-रे. दुसऱ्या सर्जनांनीही हा कागद पाहून मान्यता दिली. अवंतीताई, पातेल्याची युक्ती आजपासून सुरू. एक विचारायचं राहिलं: बाबा रोज देवापुढे वाकून नमस्कार करतात, चालेल का?

डॉ_आनंदी

वाकायचं नाही. देव उंच पाटावर ठेवा, बाबांना खुर्चीत बसवा, हात जोडू देत. आणि कॉलर आंघोळीलाही काढायची नाही. अंग पुसून घ्या, केस आडवं झोपवून धुवा, डोकं धरायला दुसरा माणूस हवाच. दोन आठवड्यांचा एक्स-रे झाला की इथे लिहा.